एका ऑप्टिकल केबलमधून आठ ट्रॅक : एडॅट जोडणी कशी करावी

भजनाचे थेट ध्वनिमुद्रण करायचे ठरले की माइकांची संख्या बघता बघता वाढते. पखवाजाच्या दोन तोंडांना दोन, पेटीला दोन, मुख्य गायकाला एक, टाळांना एक आणि मागे म्हणणाऱ्यांना दोन, असे आठ माइक सहज होतात. बहुतेकांच्या घरच्या ऑडिओ इंटरफेसला (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राला) मात्र माइक लावण्याच्या जागा दोन किंवा चारच असतात. अशा वेळी नवा मोठा इंटरफेस विकत घेण्याआधी हाताशी असलेल्या इंटरफेसची मागची बाजू नीट पाहावी. तिथे लहानसे चौकोनी झाकण असलेले ‘ऑप्टिकल इन’ असे पोर्ट असेल आणि ते एडॅट (प्रकाशावाटे आठ चॅनेल नेणारी) पद्धत स्वीकारत असेल, तर आठ चॅनेलचा एक स्वतंत्र प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवून डिजिटल स्वरूपात देणारे यंत्र) आणि एक ऑप्टिकल केबल एवढ्यावर आठ माइकांची सोय होते. केबल खोचण्याचे काम दोन मिनिटांचे असते. त्यानंतर दोन यंत्रांनी एकाच क्लॉकवर (आवाजाची मोजमापे घेण्याच्या ठोक्यावर) चालावे यासाठी जी मांडणी करावी लागते तीच खरी महत्त्वाची असते, आणि या जोडणीत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते. म्हणून या लेखात केबलविषयी थोडक्यात आणि क्लॉकविषयी सविस्तर लिहिले आहे.

केबलमधून नेमके काय जाते

अलेसिस या अमेरिकन कंपनीने १९९१ साली एडॅट नावाचे आठ ट्रॅकचे डिजिटल टेप रेकॉर्डर जाहीर केले. ते एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर मुद्रण करत असे. एका रेकॉर्डरमधील आठही ट्रॅक दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये डिजिटल स्वरूपातच जावेत म्हणून कंपनीने त्यावर प्रकाशाची जोडणी दिली. कॅसेटची यंत्रे मागे पडली, पण ही जोडणी इतर असंख्य कंपन्यांनी उचलली आणि आजही ती नव्या इंटरफेसवर दिसते. तिचे प्लग आणि केबल मात्र अलेसिसचे नव्हेत. ते तोशिबाने १९८३ साली घरगुती ध्वनियंत्रांसाठी आणलेल्या टॉसलिंकचे आहेत. टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये लागते तीच ही केबल.

बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या केबलमधून दोन वेगवेगळ्या पद्धतींचे सिग्नल जाऊ शकतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एस/पीडिफ पद्धतीत दोन चॅनेल जातात, तर एडॅट पद्धतीत ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला २४ बिटचे आठ चॅनेल जातात. एडॅटमध्ये प्रत्येक सॅम्पलसाठी (आवाजाच्या एका मोजमापासाठी) २५६ बिटची एक चौकट पाठवली जाते. म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला सुमारे १ कोटी २३ लाख बिट होतात. एस/पीडिफला त्याच सॅम्पल रेटला (सेकंदाला तितक्याच सॅम्पलना) सुमारे ३१ लाख बिट पुरतात. हा चौपट फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण टीव्हीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली स्वस्त केबल एडॅटवर अडखळू शकते.

खरेदीपूर्वी तपासण्याच्या गोष्टी

इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत ऑप्टिकल पोर्टसमोर ‘एडॅट’ हा शब्द आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. जुन्या मॅक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनही ऑप्टिकल सिग्नल मिळत असे, पण तो केवळ दोन चॅनेलचा असे; त्यावर आठ ट्रॅकची अपेक्षा ठेवू नये. अनेक इंटरफेसमध्ये एकच पोर्ट दोन्ही पद्धतींनी चालते आणि कोणती पद्धत हवी ते इंटरफेसच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये निवडावे लागते. ही निवड एस/पीडिफवर राहून गेली तर केबल, प्रीॲम्प आणि माइक सगळे ठीक असूनही एकही ट्रॅक नीट येत नाही.

दुसरी गोष्ट, खोक्यावरचा आकडा. फोकसराइटच्या स्कार्लेट १८आय२० या इंटरफेसला अठरा इनपुट आहेत असे नावच सांगते, पण त्यात यंत्रावरचे ॲनालॉग इनपुट आठ, एस/पीडिफचे दोन आणि एडॅटचे आठ असा हिशेब असतो. एडॅटला काही जोडल्याशिवाय त्या अठरापैकी आठ इनपुट कागदावरच राहतात. ऑडिअंटच्या आयडी१४ या छोट्या इंटरफेसचेही तसेच आहे. माइकचे दोन आणि ऑप्टिकलचे आठ मिळून दहा.

तिसरी गोष्ट, इंटरफेसला ऑप्टिकल पोर्ट एक आहे की दोन. एक केबल एकाच दिशेने सिग्नल नेते. फक्त ‘इन’ असेल तर प्रीॲम्पचा आवाज इंटरफेसमध्ये येईल, पण इंटरफेसकडून प्रीॲम्पकडे काही जाणार नाही. आयडी१४ सारख्या छोट्या यंत्रांवर फक्त ‘इन’ असते. याचा परिणाम क्लॉकवर होतो, तो पुढे येईलच. निवडीला वाव असेल तर ‘इन’ आणि ‘आउट’ दोन्ही असलेला इंटरफेस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची कित्येक वर्षे त्याची सोय होते.

प्रीॲम्प निवडताना तो किती सॅम्पल रेटपर्यंत चालतो हे पाहावे. बेहरिंगरचा एडीए८२०० स्वस्त असल्यामुळे बऱ्याच घरगुती स्टुडिओंत दिसतो, तो ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झलाच चालतो आणि त्यावर ४८ व्होल्ट फँटम पॉवरचे (काही माइकांना लागणाऱ्या विजेचे) बटण आठही चॅनेलना मिळून एकच आहे. भजन, नाट्यसंगीत, पोवाडा किंवा व्हिडिओसाठीचे संगीत यांकरिता ४८ किलोहर्ट्झ पुरेसे असते, त्यामुळे ही मर्यादा फारशी आड येत नाही.

केबल आणि ती हाताळण्याची रीत

केबलच्या आत सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तंतू असतो आणि त्यातून लाल प्रकाश जातो. पाच मीटरपर्यंतची चांगली केबल निर्धास्तपणे वापरावी, दहा मीटरला मात्र सावध राहावे. केबलला दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वळण देऊ नये, ती खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नये आणि गुंडाळून ठेवताना हाताच्या पंजाएवढे मोठे वेटोळे करावे. दोन्ही टोकांना येणारी प्लास्टिकची टोपणे फेकून देऊ नयेत, कारण उघड्या टोकावर बसलेली धूळ आणि बोटांचे तेल प्रकाश अडवतात. टोक पुसायचे असेल तर चष्म्याचे कोरडे, मऊ फडके पुरते.

प्लग एकाच बाजूने बसतो. त्याचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात आणि पोर्टची खाचही त्याच आकाराची असते. तो नीट जुळवून हलकेच दाबला की पोर्टचे झाकण आत ढकलले जाते आणि बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो. हा आवाज आला नाही तर प्लग अर्धवट बसलेला असतो. जोर लावण्याऐवजी तो काढून फिरवून पुन्हा बसवावा.

कोणते पोर्ट ‘आउट’ आहे हे अंधाऱ्या रॅकमागे वाचता येत नसेल तर यंत्र चालू करून पाहावे. ‘आउट’मधून लाल उजेड दिसतो, ‘इन’ काळेच राहते. केबलचे एक टोक ‘आउट’मध्ये खोचून दुसरे टोक तळहातावर धरले की लाल ठिपका उमटतो. ठिपका फिकट किंवा अर्धवट दिसला तर केबल बदलावी. एवढ्या तपासणीने पुढचा पुष्कळ वेळ वाचतो.

प्रकाशाच्या या जोडणीचा एक मोठा लाभ असा की दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंध येत नाही, त्यामुळे या केबलमधून अर्थिंगची गुणगुण येऊच शकत नाही. गुणगुण ऐकू येत असेल तर तिचे मूळ माइकच्या केबल, पॉवर ॲडॉप्टर किंवा स्पीकरकडे जाणाऱ्या ॲनालॉग तारांमध्ये शोधावे.

क्लॉक : मास्टर कोण, हे आधी ठरवावे

प्रत्येक डिजिटल यंत्रात एक स्फटिक ठोके देत असतो आणि त्या ठोक्यावर सॅम्पल घेतले जातात. दोन यंत्रे ४८ किलोहर्ट्झवर ठेवली तरी त्यांचे स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. समजा, दोघांमध्ये दहा लाखांत वीस एवढा फरक आहे. तेवढ्यानेही साधारण दर सेकंदाला एक सॅम्पल जास्त किंवा कमी पडते. इंटरफेस स्वतःच्याच क्लॉकवर चालत राहिला तर त्याला ते सॅम्पल गाळावे लागते किंवा दोनदा वापरावे लागते, आणि ऐकणाऱ्याला तिथे बारीक ‘टिक’ ऐकू येते. पखवाजाच्या थापेखाली ही टिक लपते, पण तंबोऱ्याच्या सलग नादावर स्पष्ट कळते. म्हणून चाचणीसाठी ताल नव्हे, तर तंबोरा किंवा सॉफ्टवेअरमधला एकसुरी टोन वापरावा.

उपाय एकच : एक यंत्र मास्टर ठेवावे आणि बाकी सर्व यंत्रांनी त्याच्या ठोक्यावर चालावे. मास्टर दोन झाले तर टिक येणार, आणि एकही नसेल तर जोडणी स्थिर होणार नाही. मांडणी कोणती करावी हे पोर्टवर अवलंबून असते.

इंटरफेसवर ऑप्टिकल ‘इन’ आणि ‘आउट’ दोन्ही असतील आणि प्रीॲम्पवरही दोन्ही असतील, तर दोन केबल लावाव्यात. प्रीॲम्पच्या ‘आउट’मधून इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जाणारी केबल आवाज आणते, इंटरफेसच्या ‘आउट’मधून प्रीॲम्पच्या ‘इन’मध्ये जाणारी केबल, तिच्यावर कोणताही आवाज पाठवला नाही तरी, क्लॉक पोहोचवते. इंटरफेसवर क्लॉक ‘इंटर्नल’ ठेवावे आणि प्रीॲम्पच्या मागचा सिंकचा स्विच ‘एडॅट इन’वर न्यावा. ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते, कारण सॅम्पल रेट केवळ संगणकावर बदलला की प्रीॲम्प आपोआप त्यामागे येतो आणि प्रीॲम्प बंद ठेवूनही इंटरफेसवर इतर काम चालू राहते.

इंटरफेसला फक्त ‘इन’ असेल तर क्लॉक उलट दिशेने न्यावे लागते. प्रीॲम्पचा स्विच ‘मास्टर’ या बाजूला, हव्या त्या सॅम्पल रेटवर ठेवावा आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स ‘एडॅट’ किंवा ‘ऑप्टिकल’ निवडावा. तिथे ‘लॉक’ किंवा ‘सिंक’ अशी खूण स्थिर दिसली पाहिजे; ती लुकलुकत असेल तर मुद्रण सुरू करू नये. या मांडणीत दोन बंधने पाळावी लागतात. प्रीॲम्पवरचा सॅम्पल रेट आणि सॉफ्टवेअरमधल्या सेशनचा सॅम्पल रेट हाताने सारखा ठेवावा लागतो. तसेच प्रीॲम्प बंद असताना इंटरफेसचे क्लॉक पुन्हा ‘इंटर्नल’वर आणावे लागते, एरवी साधे गाणे ऐकतानाही आवाज तुटतो किंवा येतच नाही.

सॅम्पल रेट न जुळण्याचा दोष कानाला लगेच कळतो. ४४.१ किलोहर्ट्झचे मुद्रण ४८ किलोहर्ट्झ समजून वाजवले गेले तर लय वाढते आणि स्वर सुमारे दीड सेमीटोनने चढतो. काळी चारमध्ये गायलेले भजन काळी पाचच्या जवळ ऐकू येऊ लागले, तर गायकाकडे पाहण्याआधी सॅम्पल रेट पाहावा.

तिसरा मार्ग वर्ड क्लॉकचा आहे. दोन्ही यंत्रांवर बीएनसी पोर्ट असेल तर ७५ ओमची केबल लावून क्लॉक स्वतंत्रपणे नेता येते. तीन किंवा अधिक यंत्रे असली तर हा मार्ग घ्यावा. दोन यंत्रांसाठी ऑप्टिकलची दुसरी केबल पुरते. वर्ड क्लॉकच्या शेवटच्या यंत्रावर ७५ ओमचे टर्मिनेशन (केबलच्या टोकाशी सिग्नल परत उलटू न देणारी सोय) चालू आहे ना, हे विसरू नये.

जेथे वीज वारंवार जाते, त्या गावांत थेट मुद्रण करताना प्रीॲम्प आणि इंटरफेस एकाच यूपीएसवर ठेवावेत. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेसही तग धरेल, पण भिंतीच्या विजेवरचा मास्टर प्रीॲम्प बंद पडला तर क्लॉक जाते आणि त्याबरोबर सगळेच ट्रॅक बिघडतात.

प्रत्यक्ष जोडणीचा क्रम

प्रथम स्पीकर आणि हेडफोन यांचे आवाज पूर्ण खाली आणावेत, कारण चुकीच्या पद्धतीने वाचलेला डिजिटल सिग्नल कानठळ्या बसवणारा खरखराट होऊन बाहेर येऊ शकतो. यंत्रे बंद असताना केबल लावाव्यात, मग मास्टर यंत्र आधी आणि दुसरे नंतर चालू करावे. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची पद्धत एडॅट आहे, क्लॉक सोर्स ठरल्याप्रमाणे आहे आणि लॉकची खूण स्थिर आहे, या तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. त्यानंतर मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे सेशन ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असे उघडावे आणि इनपुटच्या यादीत एडॅट १ ते ८ दिसतात का ते पाहावे. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यांना नाव नसते, फक्त क्रमांक असतो; चार ॲनालॉग आणि दोन एस/पीडिफ असलेल्या इंटरफेसवर एडॅटचा पहिला चॅनेल सातव्या क्रमांकावर येईल.

आता प्रीॲम्पच्या पहिल्या इनपुटला एकच माइक लावावा, त्यावर बोटाने हलकेच घासावे आणि कोणत्या ट्रॅकवर आवाजाच्या पातळीची पट्टी हलते ते पाहावे. मग तोच माइक क्रमाने आठही इनपुटला लावत जावे. सगळे आठ माइक एकदम लावून शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होते आणि नोंदही चोख राहते. एक गोष्ट इथेच समजून घ्यावी : एडॅटवरून आलेल्या चॅनेलचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) साधारणपणे संगणकावरून कमी-जास्त होत नाही, तो प्रीॲम्पच्या बटणांनीच करावा लागतो. म्हणून प्रीॲम्प रॅकच्या तळाशी न ठेवता हात पोहोचेल अशा उंचीवर ठेवावा. सर्वांत मोठ्या आवाजातही पातळी उणे १२ डीबीच्या आसपास थांबावी. २४ बिटमध्ये एवढी जागा मोकळी सोडल्याने काही गमावले जात नाही.

शेवटी तंबोरा लावून पाच मिनिटांचे मुद्रण करावे आणि ते हेडफोनवर सलग ऐकावे. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण कलाकार बसल्यावर दोष सापडण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

माइक कुठे लावावा : सूक्ष्म विलंबाचा प्रश्न

इंटरफेसच्या स्वतःच्या इनपुटला आणि एडॅटवरून आलेल्या इनपुटला सारखाच वेळ लागेल असे नसते. दोन यंत्रांतील कन्व्हर्टर (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) वेगळे असतात आणि त्यांच्यात काही सॅम्पलचा फरक पडतो. ४८ किलोहर्ट्झला एका सॅम्पलच्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे सात मिलिमीटर जातो. म्हणजे वीस सॅम्पलचा फरक पडला तर तो माइक चौदा सेंटीमीटर मागे सरकवल्यासारखा होतो. वेगळ्या वाद्यांसाठी याने काहीच बिघडत नाही. मात्र पखवाजाच्या धुमेचा माइक इंटरफेसला आणि शाईच्या तोंडाचा माइक प्रीॲम्पला असा लावला, तर दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना नाद पोकळ होऊ शकतो. त्यामुळे एका वाद्याचे सर्व माइक एकाच यंत्रावर ठेवावेत. पेटीच्या दोन माइकांनाही हाच नियम. गायकाचा माइक आणि इतर एकेकटे माइक कुठेही लावले तरी चालतात.

९६ किलोहर्ट्झ हवे असेल तर

एडॅटची मूळ रचना ४८ किलोहर्ट्झपर्यंतची आहे. त्यावर जाण्यासाठी एस/मक्स ही युक्ती वापरतात : एका चॅनेलचे लागोपाठचे सॅम्पल दोन चॅनेलच्या जागेत वाटून पाठवले जातात. त्यामुळे ८८.२ आणि ९६ किलोहर्ट्झला एका केबलवरून चारच चॅनेल जातात आणि १७६.४ व १९२ किलोहर्ट्झला दोनच. आठ चॅनेल ९६ किलोहर्ट्झला हवे असतील तर दोन्ही यंत्रांवर दोन-दोन पोर्ट आणि दोन केबल लागतात. दोन्ही यंत्रांना एस/मक्स कळत असले पाहिजे. पाठवणाऱ्याने वापरले आणि घेणाऱ्याला कळले नाही, तर एकच आवाज शेजारच्या दोन ट्रॅकवर खरखरीत होऊन येतो. बहुसंख्य कामांसाठी चॅनेल अर्धे करून ९६ किलोहर्ट्झ घेण्यापेक्षा ४८ किलोहर्ट्झवर आठही माइक योग्य जागी लावणे अधिक फायद्याचे आहे.

दोष ओळखताना

आवाजात ठरावीक अंतराने टिक येत असेल तर दोष क्लॉकचा असतो. केबल हलवली की खरखर येत असेल तर केबल किंवा प्लग तपासावा. संगणकावर प्लगइन वाढवले की तडतड वाढत असेल तर ऑप्टिकल जोडणीचा काही संबंध नाही; सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) वाढवून पाहावा. लॉकची खूण आहे, पण एकही पट्टी हलत नाही, असे असेल तर इनपुट राउटिंग (कोणता इनपुट कोणत्या ट्रॅकला जातो) आणि पोर्टची पद्धत पाहावी. लॉकच होत नसेल तर केबल ‘इन’ला ‘इन’ अशी लागली आहे का, ते आधी बघावे. ही चूक फार सामान्य आहे. ९६ किलोहर्ट्झवर काम करताना पाच ते आठ क्रमांकाचे चॅनेल गायब झाले तर तो बिघाड नव्हे, एस/मक्सचा परिणाम आहे.

आठाहून अधिक चॅनेल लागत असतील तर अधिक ऑप्टिकल पोर्टचा इंटरफेस घ्यावा. आरएमईच्या डिजिफेस यूएसबीवर चार ‘इन’ आणि चार ‘आउट’ असून ४८ किलोहर्ट्झला बत्तीस चॅनेल मिळतात. त्याहून मोठ्या मंचासाठी ६४ चॅनेलची माडी ही पद्धत आहे. तिचीही ऑप्टिकल आवृत्ती असते, परंतु ती काचेच्या तंतूवर आणि वेगळ्या प्लगवर चालते, त्यामुळे टॉसलिंकची केबल तिथे बसत नाही.

जुन्या एडॅट कॅसेट संगणकात आणायच्या असतील तर याच जोडणीचा उपयोग होतो. अशा वेळी कॅसेटचे यंत्र मास्टर ठेवावे, इंटरफेसचे क्लॉक ‘एडॅट’वर न्यावे आणि सेशनचा सॅम्पल रेट कॅसेटच्या मुद्रणाशी जुळवून घ्यावा. पहिल्या पिढीच्या यंत्रांचे मुद्रण १६ बिटचे असे आणि १२० मिनिटांच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर सुमारे ४० मिनिटे बसत. आठही ट्रॅक एकाच वेळी, एकाच फेरीत उतरवावेत; ट्रॅक एकेक करून घेतल्यास जुनी टेप पुन्हा पुन्हा हेडवरून जाते आणि प्रत्येक फेरीत ती झिजते.